प्रत्येक गोळीला नवी वीट

२५ ऑक्टोबर, बुधवार

काल दसरा झाला. आमच्या नेमबाजी क्लबात रायफलींबरोबर भिंतीचीही पूजा होते, ही पद्धत मीच पाडली. रायफली कपाटात आरामात असतात. वर्षभर मार खाते ती बिचारी समोरची भिंत. दसऱ्याआधी पुना तिचे सगळे खड्डे सिमेंटनं बुजवतो, वर चुना मारतो, आणि मग मी तिला हळदकुंकू लावते. काल पालक मंडळी म्हणाली, रत्नाताई, भिंत अगदी कालच बांधल्यासारखी दिसते. मला फार बरं वाटलं. त्या भिंतीसाठी मी कमी बोलणी खाल्ली नाहीत. आधी तिथं मातीचा बांध होता. दर पावसाळ्यात निम्मा बांध वाहून पिंप्राळ्याच्या रस्त्यावर यायचा आणि लोक मला शिव्या घालायचे. तीन वर्षांपूर्वी मीच पुढाकार घेऊन तो काढवला आणि भुसावळकडच्या राखेच्या विटांची नऊ इंची भिंत उभी केली. काम माझं, डोकंही माझं.

पुना आमचा पहारेकरी, झाडूवाला, गवंडी, सगळं एकच. त्याचं आपलं रडगाणं सुरू होतं, "बाई, तीन नंबरले माल भलता लागस. घमेलंभर टाका तरी भीत खाई जास." भीत म्हणजे भिंत, आणि तीन नंबर म्हणजे माझ्या लेकीची, दीपमालाची जागा. तिथं उजेड सगळ्यात चांगला, म्हणून ती दुसरीकडे बसतच नाही. इतरांच्या जागेला जेवढं सिमेंट लागतं त्याच्या दुप्पट तिथं कसं लागेल? पुनाच्या घराचं पुढचं अंगण अर्धं राहिलंय, हे मला ठाऊक आहे. पण सणासुदीला कुठं बोला.

दीपमालाची निवड चाचणी सतरा डिसेंबरला धुळ्याला. काल तिचे पाचही नेम एका रुपयाखाली झाकले गेले. मी तो कागद देवापुढं ठेवला.

३० ऑक्टोबर, सोमवार

डोकं तापलंय.

भिंतीच्या मागं, तिलाच टेकून, नूर महंमद गादीवाले यांची पत्र्याची शेड आहे. कापूस पिंजायचा, गाद्या-रजया भरायच्या, हा त्यांचा पिढीजात धंदा. माणूस गरीब, कधी वर मान करून बोलत नाही. आज मात्र मुलांना सोडायला आलेल्या चारचौघांसमोर म्हणाले, "मॅडम, बुरा मत मानना, पण भिंतीतून काहीतरी येतंय. मशीनचे दात तुटतात. दोन वेळा तुटले."

मी म्हटलं, कापसात व्यापारी वजनाला खडे टाकतात, हे तुम्हाला मी सांगायला पाहिजे का?

"खडे आम्ही हातानं निवडतो ना मॅडम. हे आतमध्ये घुसलेलं असतं. मशीनमध्ये गेलं की भुगा होतो, हाताला लागत नाही. तुम्ही एकदा पलीकडं या. भिंतीला लागून रुईचे गठ्ठे आहेत, ते हलवून बघू."

मला रुईच्या धुळीनं शिंका येतात, तासभर थांबत नाहीत. मी तसं सांगितलं. शिवाय नऊ इंची भिंतीतून पॉइंट टू-टूची गोळी जाते, असं म्हणणाऱ्या माणसाच्या घरी जाऊन गठ्ठे कशाला हलवायचे? ही गोळी केवढी, करंगळीच्या पेरापेक्षाही लहान. मी वीस वर्षं ती हाताळतेय.

एवढ्यावर थांबलं असतं तर ठीक. पण संध्याकाळी कॉलनीच्या समितीचे स्वप्नील चौधरी घरी आले. चहा घेतला, मग हळूच म्हणाले, लोक कुजबुजायला लागलेत, दोन घरांनी मुलांना पाठवणं बंद केलंय, काही दिवस गोळीबार बंद ठेवला तर? म्हणजे ऐन चाचणीच्या तोंडावर दीपमालानं काय करायचं, अंगणात लगोरी खेळायची?

मी त्यांना सांगितलं, येत्या रविवारी सगळ्यांना बोलवा. सगळ्यांसमोर दाखवते.

२ नोव्हेंबर, गुरुवार

तयारी जोरात. मी काही नुसतं 'धाय' करून मोकळी होणारी नाही, नीट तुलना करून दाखवणार. साहित्य जमवलं: लाल वीट, राखेची वीट, पोकळ सिमेंट ब्लॉक, हल्ली नव्या इमारतींना वापरतात तो पांढरा हलका ब्लॉक, शहाबादी फरशी. काडतुसं तीन प्रकारची. एक जुनी आखूड, एक आमची नेहमीची स्पर्धेची, एक जास्त वेगाची. तिन्ही एकाच जातीची. बुडाच्या कडेवर ठोका बसला की पेटणारी.

पुनाला वाटलं, एक-एक वीट आणली की झालं. त्याला समजावलं की प्रत्येक गोळीला नवी वीट लागणार. एकदा तडा गेलेल्या विटेवर दुसरी गोळी मारली तर तुलना कसली? पुना म्हणाला, "मंग भलत्या विटा लागथीन, बाई." लागू देत.

ललित जेवताना म्हणाला, "एवढं लोकांना कशाला जमवतेस? नूरभाईंकडं जाऊन बघून ये ना." माझ्या नवऱ्याला कुठलीही गोष्ट लहान करून टाकायची हातोटी आहे.

५ नोव्हेंबर, रविवार

झकास झालं! लिहायला उशीर झाला, पण झोप येत नाहीये.

अख्खी कॉलनी आली होती. बायकांनी खुर्च्या आणल्या, एकीनं शेंगदाणे वाटले. मी बोर्डावर पाच रकाने आखले. दीपमालानं गोळ्या झाडल्या, पंचवीस मीटरवरून, दर वेळी नवी वीट. लाल विटेत नेहमीची गोळी निम्म्यापर्यंत घुसली. राखेच्या विटेला नुसता अंगठा बसेल एवढा खड्डा. पोकळ ब्लॉकचं पुढचं तोंड फुटलं, पण गोळी पोकळीतच पडून राहिली, हलवल्यावर खुळखुळली. लोकांना ते फार आवडलं. शहाबादीचे दोन तुकडे झाले आणि शिसं चपटं होऊन खाली पडलं. पांढऱ्या हलक्या ब्लॉकनं थोडी लाज काढली, जास्त वेगाची गोळी जवळजवळ पार झाली. पण आपली भिंत त्याची नाहीच. शेवटी खऱ्या भिंतीवर, कोऱ्या ठिकाणी, तिन्ही गोळ्या. तीन टवके. बस्स.

नूरभाईंची बायको जरीनाबी पुढं बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मॅडम, त्याच खड्ड्यात परत मारून दाखवा ना एकदा."

मी म्हटलं, "जरीनाबी, जी गोळी एवढ्याश्या खड्ड्यावर दमली, तिची बहीण काय वेगळं करणार? आणि तुलनेचा नियम असतो. प्रत्येक गोळीला नवी वीट." लोक हसले. त्याही जरा हसल्या.

मग स्वप्नील चौधरी म्हणाले, नूरभाई, आता तुम्हीच दोन शब्द बोला. मी त्यांना क्लबाच्या ओट्यावर बोलावलं. ते वर यायला तयार नव्हते, मी हात धरून वर घेतलं. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. म्हणाले, "चूक झाली आमची. मॅडम शिकलेल्या आहेत. आम्ही रुई ओळखतो, गोळीतलं आम्हाला काय कळतं. माफ करा." लोक पुन्हा हसले, कोणीतरी म्हणालं, नूरभाई, आता मशीनला नवे दात बसवा, कवळी आणा! खूप हशा झाला. मीसुद्धा हसले. त्यांचे कान लाल झाले होते, ते मी बघितलं. मनात एकदा आलं की एवढं करायला नको होतं. पण चारचौघांत आरोप केला तर चारचौघांतच मागं घ्यायला नको?

समितीनं तिथल्या तिथं सांगून टाकलं, क्लब चालू राहील.

१५ नोव्हेंबर, बुधवार, भाऊबीज

नूरभाईंकडे फराळ पाठवला होता. ताट परत आलं तेव्हा त्यात शीरखुर्मा होता, सणबिण नसताना मुद्दाम केलेला. म्हणजे मनात काही ठेवलं नाही त्यांनी. मी उगाच चार दिवस मनाला लावून घेत होते.

२८ नोव्हेंबर, मंगळवार

परवाच्या अवकाळीनं हवा एकदम गारठली. नूरभाईंचा माल भराभर उठतोय, चोपड्याकडचे लोक टेम्पो घेऊन रजया न्यायला येतात. आज दूध आणायला गेले तर जरीनाबी रस्त्यात भेटल्या. म्हणाल्या, भिंतीजवळचे रुईचे गठ्ठे सगळे संपले, जागा मोकळी झाली. "आता तिथंच चटई टाकून बसते मी टाके घालायला. छपराचा पत्रा तिथं जरा उचकटलाय, दुपारचं ऊन येतं. पाठ शेकते. आधी भीती वाटायची, पण आता तुम्ही दाखवून दिलं ना."

मला मनापासून बरं वाटलं. आपल्या एका कामानं शेजारणीची भीती गेली, ही काही लहान गोष्ट नाही. ललितला मुद्दाम सांगितलं.

पुनाला मात्र आज चांगलं झापलं. महिनाभरात सिमेंटची अख्खी गोणी संपवली. विचारलं तर तेच, "तीन नंबर, बाई." मी म्हटलं, तीन नंबरला काय पोट आहे का रे? तो म्हणाला, "मी काय घर लई जास का?" मी नवी गोणी कपाटात ठेवून कुलूप लावलं. पाहिजे तेव्हा माझ्याकडून मागून न्यायचं.

७ डिसेंबर, गुरुवार

दीपमाला फॉर्मात आहे. आज तर एकाच भोकातून पाच गेल्या, कागदावर पाचवी कुठं गेली ते शोधावं लागलं. हिच्या वयात मी असं मारलं असतं तर आज मी शाळेत मुलांना कवायत शिकवत नसते. तिला म्हटलं, धुळ्याला एवढंच कर. ती म्हणाली, "आई, तीन नंबरला आवाज वेगळा येतो. ठप्प असा." मी म्हटलं, कानातले बोळे नीट घाल. नेम चांगला लागत असताना मुलांना नसत्या शंका सुचतात.

पुना सिमेंट मागायला एकदाही आला नाही. बघा, कुलूप लावल्याबरोबर भिंतीची भूक कशी मेली.

१२ डिसेंबर, मंगळवार

काय लिहू.

दुपारी मी शाळेतून आले तर जरीनाबी दारात. हातात अर्धी शिवलेली रजई. मला वाटलं दाखवायला आणली. त्या आत आल्या, खाली बसल्या आणि साडी गुडघ्याच्या वर घेतली. मांडीवर पुरीएवढा काळानिळा डाग.

"काल बसले होते तिथं, भिंतीशी. टाके घालता घालता असं बसलं की आई गं. रजई चारपदरी दुमडून मांडीवर होती म्हणून वाचले. नाहीतर आत गेलं असतं. तीन पदर फाडले त्यानं, चौथ्यात हे अडकलं." त्यांनी पदराची गाठ सोडली आणि माझ्या तळहातावर ठेवलं.

पुढून फुललेलं, मागून गोल, आणि कडेनं तिरक्या रेघा. रायफलीच्या नळीशिवाय त्या रेघा कुठं पडत नाहीत. मला दुसरी नजर टाकायची गरज नव्हती.

मी काही बोलायच्या आत त्या म्हणाल्या, "तुमची नाही, ते माहीत आहे मला. तुम्ही तर सगळ्यांसमोर करून दाखवलं. हे कोणीतरी पोरगं गलोलीनं मारतंय, छपरावरून. ह्यांना मी सांगितलंच नाही, ते पुन्हा तुमच्याकडे येऊन काहीबाही बोलतील आणि पुन्हा लोकांत हसं होईल. तुमच्या गच्चीवरून दिसतं ना सगळं, जरा लक्ष ठेवा."

मी म्हटलं, "बघते."

एवढंच म्हटलं. चहा केला. हळद दिली लावायला. जाताना त्यांनी मला 'अल्ला तुम्हाला सुखी ठेवो' म्हटलं, आणि मी दार लावून घेतलं.

१३ डिसेंबर, बुधवार

सकाळी कोणी यायच्या आत क्लबात गेले. तीन नंबरची, निशाणाचा कागद लावायची चौकट बाजूला केली. मागं पांढरा स्वच्छ चुना, हात फिरवला तर गुळगुळीत. स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि तो मुठीपर्यंत आत गेला. चुन्याच्या पापुद्र्यामागं गोणपाट कोंबलेलं होतं. ते ओढून काढलं. माझा हात मनगटाच्याही पुढं आत गेला. टोकाला, पलीकडच्या बाजूला, लिंबाएवढं भोक, इतके दिवस गोणपाटानं बुजलेलं, त्यातून आता उजेड येत होता. चटईची कड दिसली. लाल कापडाचा एक तुकडा दिसला.

पुना पाठीमागं येऊन उभा राहिला होता. मी ओरडले, हे काय आहे? तो म्हणाला, "सिमेंट तुमी कुलूपमा ठेवं. मांगाले ऊनू तं चोर म्हनशात. मंग गोणपाट कोंबं नि वरथीन चुना मारा. तुमले भीत साफ पाहिजे ना, बाई." मागायला आला तर मी त्याला चोर म्हणेन, असं त्याला वाटलं होतं. त्याच्याकडे बघवेना. त्याला काय बोलणार? तो दसऱ्यापासून हेच सांगत होता.

मला आता सगळं कळतंय, आणि इतकं सोपं आहे की कळल्याची लाज वाटते. मी कोऱ्या विटांवर एक-एक गोळी मारून दाखवली. क्लबात कोऱ्या विटेवर कोण मारतं? नेम म्हणजे काय, तर पुन्हा पुन्हा त्याच ठिकाणी. जितका नेमबाज चांगला तितकी एकच जागा खोल जाणार. भिंत माझ्या दीपमालानं पोखरली, तिचा नेम चुकत नाही म्हणून. आणि मी त्यावर दर महिन्याला चुना मारून घेतला. इतके दिवस रुईनं गोळ्या अडवल्या, त्याच नूरभाईंच्या मशीनचे दात तोडत होत्या. माझ्या शब्दावर विसंबून गठ्ठ्यांच्या जागी ती बाई बसली. पलीकडून भिंत कशी दिसते हे बघायला मी एकदाही गेले नाही. शिंका येतात म्हणून.

तीन नंबर बंद केला. मुलांना सांगितलं, ट्यूबलाइट गेलीय.

रात्री ललितला सांगितलं. त्यानं उठून दाराची कडी लावली. मग म्हणाला, "सतरा तारीख जाऊ दे. आत्ता सांगितलंस तर क्लबाला कुलूप लागेल, पोरगी जाईल कशी?" त्यानं म्हटलं म्हणून मी गप्प बसले, असं मी इथं लिहिणार नाही. मला तेच ऐकायचं होतं.

१६ डिसेंबर, शनिवार

पाच नंबरवर दीपमालाचा सराव चालू आहे. तिथं भिंत चांगली आहे, मी स्वतः ठोकून बघितली. पलीकडूनही बघायला हवी, हे समजतं, तरी गेले नाही. गेले तर सांगावं लागेल.

जरीनाबींना निरोप पाठवला की गलोलीवाल्या पोराचा तपास लागेपर्यंत भिंतीशी बसू नका. तो निरोप पुनाकरवी पाठवला. पुनानं माझ्याकडं नुसतं बघितलं आणि गेला. आजवर एवढा लबाड निरोप मी कोणाला पाठवला नव्हता. तिकडून उलट निरोप आला, मॅडम किती काळजी करतात.



१७ डिसेंबर, रविवार, धुळे

दीपमाला निवडली गेली. पहिली आली. सगळे माझं अभिनंदन करत होते, गुरू आई आहे म्हणून. ती माझ्या पाया पडायला वाकल्यावर मी मागं सरकले. येताना बसमध्ये ती माझ्या खांद्यावर झोपली. मी पारोळा येईपर्यंत तशीच ताठ बसून होते.

१९ डिसेंबर, मंगळवार

गेले.

शेडमध्ये पाऊल टाकलं तर शिंका सुरू झाल्या. नूरभाई मशीन बंद करून उठले. माझ्या हातात रुमालाची पुरचुंडी, तिच्यात ती गोळी. मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी हात जोडले.

"मॅडम, माफ करा. ही तुमच्याकडे आली होती ते मला कालच कळलं. बाईमाणूस, तिला समज नाही. मी बोललो होतो ना त्या दिवशी सगळ्यांसमोर, चूक आमची आहे म्हणून. पुन्हा बोलतो पाहिजे तर."

मी काय करायला आले होते आणि हा माणूस काय करत होता. मला रडू आलं. आधी शिंका आणि मग रडू, दोन्ही एकदम. कसं दिसलं असेल देव जाणे. मी पुरचुंडी सोडली. सगळं सांगितलं. भिंतीतलं भोक, कोऱ्या विटा, ट्यूबलाइट, गलोलीचा खोटा निरोप. सतरा तारखेसाठी थांबले, तेही सांगितलं. 

नूरभाई खाली बसले. बराच वेळ ती गोळी बोटांत फिरवत राहिले. मग म्हणाले, "बेटीला माहीत आहे?"

नाही म्हटलं.

"नका सांगू. तिचा हात कापायला लागेल. निशाणा जाईल तिचा."

आतल्या दारात जरीनाबी उभ्या होत्या, मला माहीत नव्हतं. त्या बाहेर आल्या. इतके दिवस माझ्याशी गोड बोलणारी बाई, डोळे नुसते पेटलेले. "का नाही सांगायचं? माझी मांडी अजून काळी आहे. यांना ओट्यावर चढवलं होतं ना तुम्ही, हात धरून? घरी आल्यावर तीन दिवस हे दुकानावर बसले नाहीत, मशिदीत मागच्या दारानं जायचे. लोक कवळी कवळी म्हणायचे. मी विचारलं होतं तुम्हाला, त्याच खड्ड्यात मारा. विचारलं होतं की नाही?"

"विचारलं होतं," मी म्हटलं.

"मग तिथंच बोला. त्याच लोकांसमोर."

"जरीना, बस," नूरभाई म्हणाले. त्या थांबल्या नाहीत, आणि बरं झालं.

२२ डिसेंबर, शुक्रवार

परवा दीपमालाला सांगितलं. लपवायचं नाही असं ठरवलं होतं. नूरभाई नको म्हणाले तरी. भिंतीबद्दल तिनं काही विचारलं नाही, स्वतःच्या गोळ्यांबद्दलही नाही. एकच विचारलं, "आई, धुळ्याला जायच्या आधी तुला माहीत होतं?"

हो म्हटलं.

ती उठून आत गेली. काल आणि आज जेवायला बसली ती ताट घेऊन खोलीत.

क्लब बंद केलाय. समितीला लेखी कळवलं. मातीचा बांध पुन्हा घातल्याशिवाय उघडायचा नाही. स्वप्नील चौधरींना सांगितलं, रविवारी पुन्हा सगळ्यांना बोलवा. त्यांना वाटलं, दीपमालाचा सत्कार आहे.

२४ डिसेंबर, रविवार

झालं एकदाचं. होऊन गेल्यावर मन हलकं होतं म्हणतात, तसं काही झालेलं नाही.

लोक आले, त्या दिवसाइतकेच. एका बाईनं पेढ्याचा डबाही आणला होता. मी ओट्यावर उभी राहिले. दीपमाला येणार नाही असं वाटलं होतं, पण ती आली आणि मागं भिंतीला टेकून उभी राहिली. नूरभाईंना मी वर बोलावलं नाही. ते खाली, ओट्याच्या कोपऱ्याशी, जरीनाबींच्या शेजारी उभे होते.

मी सांगितलं की नूर महंमद खरं बोलत होते आणि मी खोटी ठरले. त्या दिवशी मी त्यांच्याकडून माफी मागून घेतली, ती मी मागायला हवी होती. प्रयोग चुकीचा होता आणि तो चुकीचा आहे हे जरीनाबींनी तिथल्या तिथं सांगितलं होतं, मी त्यांना हसण्यावारी नेलं. त्या माझ्या शब्दावर भिंतीशी बसल्या आणि त्यांना गोळी लागली. कळल्यावरही मी मुलीच्या निवडीसाठी गप्प बसले. काहीही गाळलं नाही. मग पुनाला चौकट काढायला सांगितली आणि सगळ्यांना भोक दाखवलं. सगळे पुढं येऊन वाकून बघून गेले. पुनाची माफी मागितली तर तो लाजून मागं पळाला.

मला वाटलं होतं लोक बोलतील. शिव्या देतील. निदान कोणीतरी विचारील की बाईचा जीव गेला असता तर? मी त्याची तयारी करून गेले होते.

कोणी काही विचारलं नाही. मग स्वप्नील चौधरी पुढं आले. म्हणाले, आजच्या काळात एवढ्या मोठेपणानं चूक कबूल करणारी माणसं कुठं आहेत? रत्नाताईंचा आपल्या कॉलनीला अभिमान वाटला पाहिजे. आणि त्यांनी टाळी वाजवली. मागोमाग सगळ्यांनी. बायकांचे डोळे भरले होते. मी नको नको म्हणत हात वर केला, तर टाळ्या वाढल्या.

याच ओट्यावर नूरभाई दीड महिन्यापूर्वी खोटं कबूल करून गेले, तेव्हा लोक त्यांना हसले होते. आज मी खरं कबूल केलं तर माझा मोठेपणा झाला. तिथं उभं राहणं मला अशक्य झालं होतं, पण उतरायचं तर नूरभाईंच्या समोरून उतरावं लागणार होतं.

त्यांच्याकडं बघितलं. सगळे वाजवतात म्हणून तेही टाळ्या वाजवत होते. जरीनाबींनी त्यांचं मनगट धरलं आणि हात खाली केला.